वजन घटविणारे इंजेक्शन आणि बद्धकोष्ठता : सुरुवातीच्या आठवड्यांत घ्यावयाची काळजी

सालाबादप्रमाणे यंदाही जमाखर्चाच्या आकड्यांसोबत आरोग्यविषयक एक माहितीपर लेख सभासद, देणगीदार व हितचिंतक यांच्या हाती देत आहोत. यंदाचा विषय काहीसा संकोचाचा आहे. चारचौघांत तो कोणी काढत नाही आणि पुष्कळदा डॉक्टरांच्या खोलीतही तो न बोलताच राहून जातो. तो न बोलल्यामुळे काय घडते, हे या वर्षी आमच्या डोळ्यांसमोर आले. म्हणून हा लेखनप्रपंच. या ओळी लिहिणारे आम्ही वैद्य नव्हे, हिशेबाच्या वह्यांत आयुष्य गेलेले प्रशासक आहोत. लेखातील वैद्यकीय मजकूर आमच्या डॉक्टर मंडळींकडून तपासून घेतला आहे.

निमित्त

डोंबिवलीत राहणाऱ्या आणि नोकरीसाठी रोज मुंबईस जाणाऱ्या पन्नाशीच्या एक भगिनी रात्री उशिरा आमच्या अपघात विभागात आल्या. पोट फुगलेले, कळा येत होत्या आणि चेहऱ्यावर भीती होती. मधुमेह व वजन या दोन्हींसाठी आमच्याच बाह्यरुग्ण विभागातून त्यांना आठवड्यातून एकदा घ्यावयाचे इंजेक्शन सुरू करण्यात आले होते. क्ष-किरण तपासणी झाली, रक्त तपासले गेले. आतड्याला पीळ वा अडथळा नव्हता. नऊ दिवस शौचास न झाल्याने मल कोरडा होऊन अडकला होता. एनिमा द्यावा लागला, रात्रभर सलाइन लावावे लागले आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळी त्या घरी गेल्या.

जाताना परिचारिकेने विचारले, "ताई, चौथ्या-पाचव्या दिवशीच का नाही आलात?" त्या म्हणाल्या, "मळमळ होते का, उलटी होते का, एवढंच विचारलं होतं. हे कुणी विचारलंच नाही. मग आपण होऊन कसं सांगायचं?"

आम्ही त्यांना दिलेले माहितीपत्रक काढून पाहिले. त्यात मळमळ व उलटी यांवर चांगला परिच्छेद होता. बद्धकोष्ठतेचा मात्र शब्द नव्हता. 'पोटाच्या किरकोळ तक्रारी संभवतात' एवढे मोघम वाक्य होते. ही उणीव आमची होती, रुग्णाची नव्हे. एका ओळीच्या अभावी त्या भगिनींना एक रात्र वेदनेत काढावी लागली आणि टाळता येण्यासारखा खर्च सोसावा लागला. पत्रक आता बदलले आहे. त्यातील मजकूर अधिक लोकांपर्यंत पोहोचावा, हा या लेखाचा हेतू.

ही इंजेक्शने कोणती?

आपण जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचे एक संप्रेरक रक्तात येते. ते स्वादुपिंडास इन्सुलिन सोडण्याची सूचना देते, जठर सावकाश रिकामे होईल असे पाहते आणि मेंदूस 'पोट भरले' असा निरोप धाडते. शरीरातील हे मूळ संप्रेरक काही मिनिटांतच नष्ट होते. त्याच धर्तीवर तयार केलेले सेमाग्लुटाइड हे औषध मात्र शरीरात इतके टिकते, की आठवड्यातून एक इंजेक्शन पुरते. टिर्झेपॅटाइड हे दुसरे औषध जीएलपी-१ बरोबरच जीआयपी या आणखी एका संप्रेरकाचेही काम करते.

भारतात टिर्झेपॅटाइड मार्च २०२५ मध्ये मौंजारो या नावाने आले आणि सेमाग्लुटाइडचे वजनासाठीचे इंजेक्शन जून २०२५ मध्ये वेगोवी या नावाने आले. ठाणे, डोंबिवली, कल्याण, बदलापूर या पट्ट्यात त्यानंतर या इंजेक्शनांची चर्चा घरोघरी सुरू झाली. यात नवल नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोक मधुमेही असून पोटाचा घेर वाढलेल्यांची संख्या सुमारे ३५ कोटी आहे.

धर्मादाय रुग्णालयाने अशा महागड्या औषधाविषयी कशाला लिहावे, असा प्रश्न एखादे सभासद विचारतील. त्यास उत्तर असे, की औषध कोणीही लिहून दिले असले, तरी त्रास झाल्यावर रुग्ण रात्री-अपरात्री आपल्याच दाराशी येतात. शिवाय सेमाग्लुटाइडवरील भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच होती. पेटंट संपले, की स्पर्धा येते आणि किंमत उतरते, हा व्यापाराचा साधा नियम आहे. आज थोड्यांचे असलेले हे औषध उद्या पुष्कळांचे होणार, हे उघड आहे.

बद्धकोष्ठता का होते?

याची कारणे तीन असून ती एकाच वेळी काम करतात.

पहिले कारण औषधाचा थेट परिणाम. जठर सावकाश रिकामे होते आणि पुढच्या आतड्यांची हालचालही मंदावते. मल मोठ्या आतड्यात जितका अधिक काळ राहतो, तितके त्यातील पाणी शोषले जाते आणि तो कठीण होत जातो.

दुसरे कारण कमी जेवण. भूक मंदावल्यामुळे तीन पोळ्यांची एक पोळी होते, भाजीची वाटी अर्धी होते, कोशिंबीर ताटातून नाहीशी होते. अन्नच कमी गेले, की चोथाही कमी जातो आणि आतड्यास पुढे ढकलण्यासारखे फारसे काही उरत नाही.

तिसरे कारण कमी पाणी. आपल्या पोटात जाणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा आमटी, ताक, भाजी, फळे यांतून येतो. जेवण घटले, की तोही घटतो. मळमळत असल्यास पाण्याचा घोटही नकोसा होतो.

प्रमाणाविषयी बोलायचे, तर सेमाग्लुटाइडची स्टेप-१ ही मोठी चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. तीत १,९६१ व्यक्ती होत्या. औषध घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्क्यांनी घटले. औषधविरहित इंजेक्शन घेणाऱ्यांचे २.४ टक्क्यांनी. बद्धकोष्ठतेची तक्रार पहिल्या गटात शेकडा २३ जणांनी केली, तर दुसऱ्या गटात शेकडा ९ ते १० जणांनी. टिर्झेपॅटाइडच्या २०२२ मधील चाचणीत हे प्रमाण मात्रेनुसार शेकडा १२ ते १७ होते. म्हणजे चार ते आठ जणांमागे एकास हा त्रास होतो. तो अपवादात्मक नाही आणि लाजिरवाणा तर नाहीच.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मळमळ साधारणतः आठवडाभरात ओसरते, जुलाब दोन-तीन दिवसांत थांबतात. बद्धकोष्ठता मात्र दीर्घकाळ रेंगाळते. सेमाग्लुटाइडच्या चाचण्यांचा एकत्रित अभ्यास झाला, तेव्हा तिचा मध्यम कालावधी ४७ दिवसांचा आढळला. 'होईल आपोआप बरे' म्हणून वाट पाहणे येथे उपयोगाचे नाही.

पहिल्या इंजेक्शनपूर्वी

औषध सुरू करण्यापूर्वी आपली नेहमीची सवय कागदावर लिहून ठेवावी. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, एवढ्या मर्यादेतील काहीही प्रकृतिमानानुसार स्वाभाविक मानले जाते. म्हणून 'रोज झालेच पाहिजे' हा आग्रह नको. 'नेहमीपेक्षा बदल झाला का' हे पाहावे. मल कठीण आहे का, जोर करावा लागतो का, पोट पुरते मोकळे झाले नाही असे वाटते का, हे प्रश्न दिवसांच्या मोजणीइतकेच महत्त्वाचे आहेत.

मुळातच बद्धकोष्ठता असल्यास आधी तिचा उपचार करून घ्यावा. मूळव्याध वा फिशर असल्यास, पोटाची शस्त्रक्रिया झालेली असल्यास, थायरॉइडचा विकार असल्यास डॉक्टरांस आवर्जून सांगावे. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामके यांमुळेही मल घट्ट होतो. चालू असलेल्या सर्व औषधांची यादी सोबत न्यावी.

ताटातील बदल

प्रौढ व्यक्तीच्या आहारात दिवसाकाठी २५ ते ३० ग्रॅम तंतुमय पदार्थ असावेत. जेवण निम्म्यावर आल्यावर एवढा चोथा गाठायचा, तर प्रत्येक घासाची निवड विचारपूर्वक करावी लागते. सुदैवाने आपल्या जुन्या स्वयंपाकघरात याची सोय आहे. १०० ग्रॅम तांदळात तंतू ३ ग्रॅमही नसतात. तेवढ्याच ज्वारीत सुमारे १० आणि नाचणीत सुमारे ११ ग्रॅम असतात. दुपारच्या भाताऐवजी अर्धी भाकरी घेतली, तरी फरक पडतो. मटकीची उसळ, चवळी, आपल्या ठाणे जिल्ह्याचे आवडते वालाचे बिरडे यांतून तंतू व प्रथिने दोन्ही मिळतात. वजन उतरताना स्नायू झिजू नयेत म्हणून प्रथिनांचीही गरज असतेच. पावसाळ्यात मुरबाड-शहापूरकडच्या आदिवासी भगिनी टाकळा, कुर्डू, कंटोळी अशा रानभाज्या घेऊन येतात, त्या अवश्य घ्याव्यात. फळांत पेरू सर्वांत उपयुक्त. मधुमेहींनी प्रमाण डॉक्टरांस वा आहारतज्ज्ञांस विचारून ठरवावे.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. जठर मंदावलेले असताना तंतू एकाएकी वाढविल्यास पोट फुगते आणि त्रास उलट वाढतो. वाढ आठवड्या-दोन आठवड्यांत थोडीथोडी करावी, उसळी पूर्ण शिजवून घ्याव्यात आणि एका वेळी थोडेच खावे.

डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी लोकप्रिय केलेली दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत आपल्याकडे अनेक जण पाळतात. चातुर्मास, एकादशी, नवरात्र यांचे उपवास आहेतच. साबुदाण्यात चोथा जवळजवळ नसतो, हे उपवास करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. मधुमेहाच्या काही गोळ्या वा इन्सुलिन यांसह इंजेक्शन घेणाऱ्यांनी उपवास केल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. निर्जळी उपवास, तसेच रमजानचे रोजे, यांपूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पाणी आणि लोकलचा प्रवास

आमच्या या भगिनींच्या दुखण्याचे मूळ जितके औषधात होते, तितकेच त्यांच्या दिनक्रमात होते. पहाटे उठून डबा करायचा, घाईने स्टेशन गाठायचे, सव्वा तास गर्दीत उभे राहायचे. लोकलच्या डब्यात स्वच्छतागृह नसते. स्टेशनवरचे वापरण्याजोगे असेलच असे नाही. म्हणून सकाळी पाणी प्यायचे नाही, कार्यालयात बेताने प्यायचे आणि परतीच्या प्रवासापूर्वी पुन्हा टाळायचे. कल्याण-डोंबिवलीतील सहस्रावधी स्त्रियांचा हाच क्रम आहे. एरवी तो कसाबसा निभावतो; इंजेक्शन सुरू झाल्यावर निभावत नाही.

दिवसाला दोन ते अडीच लिटर द्रव पोटात जावा. मात्र हृदयविकार वा मूत्रपिंडविकारामुळे पाण्यावर मर्यादा घातलेली असल्यास तीच पाळावी. पाणी एकदम न पिता विभागून प्यावे. उठल्याबरोबर एक पेला, कार्यालयात पोहोचताच दोन पेले, जेवणापूर्वी व नंतर थोडथोडे, दुपारी पातळ ताक आणि घरी आल्यावर उरलेले, असा क्रम आमच्या परिचारिका सुचवितात. प्रवासाच्या आधीचा तासभर कमी प्यायले तरी चालेल. दिवसभराची बेरीज भरली पाहिजे.

वेग अडवू नये

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 'नवेगान्धारणीय' या नावाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. शरीराचे स्वाभाविक वेग अडवू नयेत, हा त्याचा विषय. आधुनिक वैद्यकही हेच सांगते. काही खाल्ल्या-प्यायल्यानंतर मोठ्या आतड्यात आपोआप हालचाल सुरू होते. सकाळच्या वेळी ती अधिक जोमदार असते. ती वेळ गाडीच्या वेळापत्रकासाठी रोज दवडली, तर शरीर हळूहळू संकेत देणेच कमी करते. पंधरा मिनिटे लवकर उठावे, कोमट पाणी वा चहा घ्यावा आणि घाई न करता, मोबाइल बाहेर ठेवून बसावे. कमोड वापरणाऱ्यांनी पायांखाली लहान पाट वा स्टूल घेतल्यास बसण्याची ढब भारतीय पद्धतीच्या जवळ जाते आणि जोर कमी लागतो. रोज अर्धा तास चालणे हाही आतड्यास चालना देणारा उपाय आहे.

औषधे : क्रमाक्रमाने

वरील उपायांनी भागले नाही, तर सलग तिसऱ्या दिवसापलीकडे वाट पाहू नये. डॉक्टरांना दूरध्वनी करावा. सामान्यतः पुढील क्रम अवलंबिला जातो.

इसबगोल हा सर्वांच्या परिचयाचा. तो भरपूर पाण्यासोबतच घ्यावा. अपुऱ्या पाण्यात घेतलेला इसबगोल फुगून स्वतःच अडथळा होऊ शकतो. चमचाभरापासून आरंभ करावा. मल आधीच कठीण होऊन अडकला असल्यास, अथवा पोट फुगून उलट्या होत असल्यास तो घेऊ नये.

पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर पाण्यात विरघळवून घेतात. ती आतड्यात पाणी धरून ठेवते व मल मऊ करते. गुण येण्यास एक ते तीन दिवस लागतात. दोन तासांत परिणाम दिसला नाही म्हणून मात्रा वाढवू नये. लॅक्टुलोजचे पातळ औषधही याच जातीचे आहे, मात्र त्याने काहींना वायू होतो.

बिसाकोडिल किंवा सोनामुखी ही आतड्यास चाळविणारी औषधे रात्री घेतल्यास सकाळी परिणाम देतात. ती अधूनमधून आणि सल्ल्यानेच घ्यावीत. बाजारातील अनेक चूर्णांत मुख्य द्रव्य सोनामुखीच असते, काहींत मीठही असते. रक्तदाबाच्या रुग्णांनी डबीवरील घटक वाचावेत. मॅग्नेशियमयुक्त औषधे मूत्रपिंडाच्या रुग्णांनी परस्पर घेऊ नयेत. मूळव्याध-भगंदराच्या खात्रीशीर उपचारांची पत्रके लोकलच्या डब्यात चिकटवलेली असतात. त्यांवर विसंबून वेळ दवडू नये.

इंजेक्शनाची मात्रा दर महिन्यास वाढविलीच पाहिजे, असे नाही. सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमने व टिर्झेपॅटाइड २.५ मिलिग्रॅमने सुरू करून किमान चार आठवड्यांच्या अंतराने वाढवितात, ती शरीरास सवय व्हावी म्हणूनच. त्रास होत असेल, तर डॉक्टर त्याच मात्रेवर आणखी काही आठवडे थांबू शकतात. मैत्रिणीची मात्रा वाढली म्हणून आपली वाढविण्याचे कारण नाही.

तात्काळ रुग्णालयात यावे, अशा खुणा

पोट फुगणे, कळा येणे, वायूही न सरणे आणि उलट्या होणे, ही आतड्याच्या अडथळ्याची लक्षणे असू शकतात. पोटाच्या वरच्या भागात सुरू होऊन पाठीत जाणारी तीव्र, न थांबणारी वेदना स्वादुपिंडाच्या दाहाची असू शकते. उजव्या बरगडीखालील वेदना, ताप वा कावीळ पित्ताशयाची. मलावाटे रक्त जाणे, लघवी अगदी कमी होणे, उभे राहताच भोवळ येणे, यांतील काहीही झाल्यास सकाळची वाट पाहू नये. घरी रेचक घेऊन तर मुळीच पाहू नये. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी सप्टेंबर २०२३ मध्ये सेमाग्लुटाइडच्या माहितीपत्रकात आतड्याची हालचाल थांबण्याच्या विकाराची नोंद घालण्यास मान्यता दिली. असे क्वचितच घडते, परंतु घडू शकते. शस्त्रक्रिया, भूल वा दुर्बिणीची तपासणी ठरली असल्यास आपण हे इंजेक्शन घेतो, हे आधी सांगावे.

हिशेबाची बाजू

प्रशासक या नात्याने एक हिशेब मांडल्यावाचून राहवत नाही. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपॅटाइडच्या २.५ मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत ३,५०० रुपये होती. म्हणजे महिन्याच्या चार कुप्यांचे १४,००० रुपये. एवढा खर्च करणारा रुग्ण इसबगोलाच्या डबीअभावी आणि पाण्याच्या चार पेल्यांअभावी उपचार अर्ध्यावर सोडतो, तेव्हा नुकसान दुहेरी होते. स्टेप-१ चाचणीत पोटाच्या तक्रारींमुळे शेकडा चार ते पाच जणांनी औषध सोडले. त्या चाचणीनंतर औषध थांबविलेल्यांचा वर्षभर मागोवा घेतला असता, उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलेले आढळले. पैसा गेला, वजन परतले आणि मनात औषधाविषयी भय तेवढे उरले, असा हा तोट्याचा व्यवहार आहे. तो टाळण्यास लागणारी गुंतवणूक अगदी अल्प आहे : आरंभी दहा मिनिटांचे मोकळे बोलणे.

आम्ही काय बदलले

हे इंजेक्शन सुरू होणाऱ्या प्रत्येक रुग्णास आता आमच्या परिचारिका पहिल्या आठवड्यानंतर दूरध्वनी करतात आणि 'शौचास कसे होते?' हा प्रश्न स्वतः होऊन विचारतात. स्त्री रुग्णांस शक्यतो स्त्री परिचारिकाच विचारते. नव्या पत्रकात बद्धकोष्ठतेचा परिच्छेद पहिल्या पानावर आहे.

लेखाच्या आरंभी उल्लेखिलेल्या भगिनींनी त्या रात्रीनंतर इंजेक्शन बंद केले होते. दीड महिन्याने त्या पुन्हा आल्या. डॉक्टरांनी सर्वांत कमी मात्रेपासून औषध पुनश्च सुरू केले, सोबत पावडर दिली आणि पाण्याचा क्रम लिहून दिला. त्या अजूनही लोकलने जातात; पिशवीत पाण्याची बाटली असते आणि ती संध्याकाळपर्यंत रिकामी होते. नव्या पत्रकाचा कच्चा मसुदा आम्ही त्यांनाच प्रथम वाचावयास दिला. त्यांनी एकच दुरुस्ती सुचविली. आम्ही 'मलावष्टंभ' असे लिहिले होते. त्यांनी ते खोडून 'शौचास साफ न होणे' असे लिहिले. पत्रक तसेच छापले आहे.

हे पत्रक बाह्यरुग्ण विभागात विनामूल्य मिळते. सभासदांनी आपल्या इमारतीत, महिला मंडळात, ज्येष्ठ नागरिक संघात ते पोहोचवावे, अशी नम्र विनंती आहे. आपल्या घरी कोणी हे इंजेक्शन सुरू केले असेल, तर संकोच बाजूस ठेवून एकदा अवश्य विचारावे. या लेखातील माहिती सर्वसाधारण स्वरूपाची असून प्रत्यक्ष उपचार आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावेत.